तपासनिसांचा टॅपेट

विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या माणसाने संशयी असावं, यात गैर काही नाही. फक्त तो संशय त्याने कचेरीच्या खुंटीला अडकवून घरी यावं, एवढीच घरच्यांची माफक अपेक्षा असते. तपासनीस तो सोबत घेऊन यायचे. सगळी इमारत त्यांना तपासनीस म्हणे, आणि हळूहळू घरचेही त्यांच्या माघारी तेच म्हणू लागले होते. दूध उतू गेलं की ते आधी पातेलं बघत, मग गॅसची ज्योत बघत आणि शेवटी बायकोकडे बघत. भाजीवाल्याने चार मिरच्या फुकट टाकल्या तर त्याने त्या का टाकल्या असाव्यात, या विचारात त्यांची संध्याकाळ जाई. माणूस वाईट नव्हता हो. कुणाचं वाकडं त्याने कधी चिंतलं नाही. फक्त सरळ दिसणाऱ्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नसे.

अशा माणसाच्या गाडीने आवाज करायला लागावं, हे त्या गाडीचंच दुर्दैव.

गाडी जुनी, पण तब्येतीने ठणठणीत. कधीपासून कोण जाणे, तिच्या बॉनेटखालून टिक टिक टिक टिक असा आवाज येऊ लागला. कुणीतरी आत बसून जिभेने चकचक करत नापसंती दाखवावी, तसा. गाडी वेगात आली की टिकटिक वेगात, सावकाश चालली की सावकाश. गल्लीच्या कोपऱ्यावर वळली की वर दुसऱ्या मजल्यावर ऐकू जाई. बायको म्हणाली, असू दे की, गाडी चालतेय ना? मुलगी कॉलेजात शिकत होती, ती म्हणाली, बाबा, त्या आवाजात एक कॅरेक्टर आहे. आणि आप्पा, म्हणजे तपासनिसांचे वडील, ज्यांचं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या पंपांवर डिझेल इंजिनांच्या संगतीत गेलं होतं आणि ज्यांना शेजारच्याच्या मिक्सरमधल्या बिघाडावरही मत असे, ते आप्पा काहीच म्हणाले नाहीत. वर्तमानपत्राचं पान उलटून त्यांनी राशिभविष्य वाचायला घेतलं.

इथे तपासनिसांच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

त्याला कारणही होतं. गेल्या वर्षी आप्पा छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा निम्मे होऊन आले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. नंतर केव्हातरी ते उठून बसले, हिंडूफिरू लागले, सगळं सुरळीत झालं. पण तेव्हापासून एक गोष्ट तपासनिसांच्या ध्यानात येत होती. ते संध्याकाळी घरात पाऊल टाकत तेव्हा घर नको तेवढं शांत असे. बायको कांदा चिरत असे. मुलगी पुस्तकात डोकं घालून असे, आणि एकदा ते पुस्तक उलटं होतं. आप्पांना हलकासा दम लागलेला असे, आणि तिघांच्याही चेहऱ्यांवर असा काही साळसूदपणा असे, की कचेरीत एवढा साळसूद चेहरा दिसला असता तर तपासनिसांनी दावा तिथल्या तिथे फेटाळला असता. हे लोक आपल्यापासून काहीतरी लपवताहेत. आणि ते आप्पांच्या दुखण्याविषयी असणार. डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि मला सांगायचं नाही असं ठरलंय. विचारायची मात्र हिंमत होत नसे, कारण विचारलं आणि ते खरंच निघालं तर?

तर ज्याची हिंमत होत होती ते त्यांनी हाती घेतलं. गाडीचा आवाज.

गॅरेजवाला हा नाक्यावरचा नामांकित माणूस. नामांकित म्हणजे दुकानावर त्याने स्वतःचा मोठा फोटो लावला होता आणि त्याखाली ‘इंजिनचे डॉक्टर’ असं लिहून घेतलं होतं. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकून म्हणाला, टॅपेट. तपासनिसांनी विचारलं, कशावरून? आवाज फॅनबेल्टचा असू शकतो. सायलेन्सरचा जोड फुटला असेल तरी टिकटिक होते. स्पार्कप्लग ढिला असेल तरी होते. हे सगळं त्यांनी आदल्या दिवशी कचेरीत बसून वाचून काढलं होतं. गॅरेजवाल्याने डोळे उघडून असं पाहिलं, जणू पेशंटने डॉक्टरांना नाडी दाखवायच्या ऐवजी डॉक्टरांचीच नाडी धरली होती.

मग त्याने मोठ्या मनाने समजावून सांगितलं. इंजिनच्या डोक्यावर झाकणाखाली लहान लहान तरफा असतात, त्या रॉकर. रॉकर खाली झुकला की व्हॉल्व्ह उघडतो, वर गेला की मिटतो. दोघांच्या मधे केसाएवढी फट ठेवायची असते, तिलाच गॅरेजात टॅपेट म्हणतात. ती वाढली की रॉकर व्हॉल्व्हच्या डोक्यावर टिचक्या मारत बसतो. फट कमीजास्त करायला रॉकरवर एक स्क्रू, आणि तो हलू नये म्हणून त्याच्यावर एक नट. एवढं सांगून त्याने झाकण उघडलं, काहीतरी पिळलं, आणि गाडी अशी गप्प झाली की चालू आहे की बंद हे कळेना.

एक रात्र गेली. सकाळी तपासनिसांनी किल्ली फिरवली, तर टिक टिक टिक टिक.

झालं. गिऱ्हाईक परत यावं म्हणून नट मुद्दाम अर्धवट आवळणारा गॅरेजवाला, हे प्रकरण त्यांना आता आरशासारखं स्वच्छ दिसू लागलं. त्यांनी त्याला तोंडावर तसं सुनावलं. गॅरेजवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, साहेब, मी बापाची शपथ घेऊन सांगतो, तो नट मी आवळला होता. तपासनिसांनी मनात नोंद केली, की शपथ घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दावे खोटे निघतात.

मग त्यांनी स्वतःच टॅपेट लावायचं ठरवलं. बाजारातून फीलर गेज आणला. फीलर गेज म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा एक पंखा. जेवढी फट ठेवायची तेवढ्या जाडीचं पातं मधे सरकवायचं, आणि ते किंचित अडखळत निघेल इतपत स्क्रू पिळायचा. ऐकायला सोपं आहे. पण इमारतीच्या आवारात वाहनदुरुस्तीला बंदी होती आणि इमारतीचे सचिव नियमांच्या बाबतीत तपासनिसांचे सख्खे भाऊ शोभले असते. ते म्हणाले, दुरुस्ती करता येणार नाही. तपासनीस म्हणाले, ही दुरुस्ती नाही, तपासणी आहे. सचिव म्हणाले, मग हातात पाना कशाला? या प्रश्नावर दोघांमधे बराच काळ चर्चा झाली. अखेर पान्याने केलेली तपासणी ही तपासणीच समजावी, परंतु तेलाचा थेंब जमिनीवर पडल्यास ती दुरुस्ती समजावी, असा तोडगा निघाला. तेलाच्या थेंबासाठी तपासनिसांनी गाडीखाली जुनी चादर अंथरली. ती जुनी नव्हती, हे त्यांना बायकोने नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी इंजिन थंड असताना काम सुरू झालं. तोवर बातमी पसरली होती. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर बनियनवर खाली आले आणि त्यांनी सल्ला दिला, की इंजिनात थोडं एरंडेल घालावं, त्यांच्या मेव्हण्याने घातलं होतं. मेव्हण्याच्या गाडीचं पुढे काय झालं, हे त्यांनी सांगायचं टाळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, गाडी विकून टाका. आप्पा मात्र खुर्ची टाकून समोर बसले आणि अवाक्षर बोलले नाहीत. इंजिन उघडं पडलेलं असताना आप्पांनी तोंड न उघडणं म्हणजे हलवायाने मिठाईकडे पाठ फिरवणं. तपासनिसांनी दोनदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. दमलेत का? रंग ठीक आहे का? आप्पा झाडावरचा कावळा बघत होते.

प्रत्येक रॉकर मोकळा होईपर्यंत इंजिन थोडं थोडं फिरवावं लागतं. त्यासाठी गाडी गिअरमधे टाकून पोस्टमास्तर मागून ढकलत आणि तपासनीस ‘बास’ म्हणून ओरडत. ‘बास’ म्हटल्यावर पोस्टमास्तर आणखी हातभर ढकलत, कारण त्यांना कमी ऐकू येई. मग गाडी मागे घ्यायची. अशी ती गाडी सकाळभर आवारात पुढेमागे डुलत राहिली, आणि वाहन हलवणे हे तपासणीत बसते काय, हे बघायला सचिव वरून खाली आले. पण काम झालं. दुपारी तपासनिसांनी झाकण बसवलं, किल्ली फिरवली, आणि गाडी मांजरीच्या पावलाने सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदाच आपण स्वतःच्या हातांनी काही नीट केलं, असं त्यांना वाटलं. जेवताना त्यांनी ते दोनदा बोलूनही दाखवलं. बायको, मुलगी आणि आप्पा यांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं काही अभिनंदनाचं नव्हतं.

सोमवारी सकाळी टिक टिक टिक टिक.

आता मात्र गॅरेजवाल्यावर आळ घेता येईना. म्हणजे नट आपोआप ढिला होतोय, किंवा कुणीतरी करतंय. आपोआप होणाऱ्या गोष्टींवर तपासनिसांचा मुळातच विश्वास नव्हता. पुढच्या रविवारी त्यांनी मुलीकडे नेलपॉलिश मागितलं. तिने भुवई उंचावून कशाला म्हणून विचारलं. कामाला, असं ते म्हणाले. घरात संशय घ्यायचा मक्ता आपला एकट्याचा आहे असं मानणाऱ्या माणसाला तिची ती भुवई मुळीच आवडली नाही. त्यांनी पुन्हा फट लावली, नट आवळला आणि रॉकरवरून स्क्रूपर्यंत लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. नट इंचभर सोडाच, गव्हाएवढा जरी हलला तरी रेघ तुटणार.

सोमवारी टिकटिक आली. तपासनिसांनी कचेरीला उशीर करून झाकण उघडलं. रेघ तुटली होती. स्क्रू फिरला होता. कुणीतरी, ते सकाळी अंघोळीला गेलेले असताना, खाली येऊन, झाकण काढून, नट सैल करून, झाकण परत बसवून गेलं होतं. आणि तपासनिसांची अंघोळ पाण्याची तपासणी धरून बरीच लांबते, हे ज्याला माहीत आहे असंच कुणीतरी.

इतका वेळ त्यांना नुसता संशय होता. आता पुरावा हाताशी आला, आणि नेमकं तेव्हाच त्यांना भ्यायला झालं. घरातलं माणूस आपली गाडी बिघडवतंय. का? आपण घरी येतोय हे आधी कळावं म्हणून. ते का कळायला हवं? उत्तर त्यांच्या मनात तयार होतं. आप्पांना झटका येत असणार, आणि मी यायच्या आत सगळं आवरून ठेवत असणार.

त्याच रागात आणि त्याच भीतीत त्यांनी स्क्रू पार आवळला. फीलर गेज वापरलाच नाही. फट उरलीच नाही. ते पान्यावर जोर देत होते तेव्हा आप्पा दूध आणायला म्हणून बाहेर पडले होते. ते क्षणभर थांबले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले.

“थोडी फट ठेव रे. इंजिन तापलं की लोखंड फुगतं. त्याला जागा नको?”

“आवाज नको,” तपासनीस म्हणाले.

“घट्ट बसवलास तर आवाज नाही करायचा तो व्हॉल्व्ह. पण नीट मिटायचाही नाही. आतल्या आत जळेल.” एवढं बोलून आप्पा दूध आणायला गेले.

तपासनिसांनी बॉनेटला सायकलची साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या दिवशी गाडी अगदी गप्प चालली. पुलाच्या चढावर मात्र ती धापा टाकू लागली आणि सिग्नलला दोनदा बंद पडली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. तपासनीस ताठ मानेने समोर बघत राहिले. गप्प आहे ना, मग झालं.

संध्याकाळी ते कोपऱ्यावरून वळले तेव्हा कावळ्यालाही पत्ता लागला नाही. गाडी लावून ते जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावरून हसण्याचा आवाज येत होता. एक बाई हसत होती, अशी की मधेच श्वास संपावा आणि पुन्हा नव्याने सुरू व्हावं. शेजारी कुणीतरी पाहुणे आले असावेत, असं म्हणून ते आणखी चार पायऱ्या चढले. हसणं त्यांच्याच घरातून येत होतं. दार अर्धवट उघडं होतं. तपासनीस भिंतीला लागून उभे राहिले आणि फटीतून त्यांनी आत पाहिलं.

जेवणाच्या टेबलाशी आप्पा बसले होते. अंगात तपासनिसांचा जुना कोट, नाकाच्या शेंड्यावर तपासनिसांचाच जुना चष्मा. समोर कान तुटलेला एक कप. टेबलाच्या एका बाजूला बायको हात जोडून उभी, दुसऱ्या बाजूला मुलगी. पोस्टमास्तरांना खिडकीशी पहाऱ्यावर बसवलं होतं, पण पहारेकरी खिडकीकडे पाठ करून डोळे पुसत होता.

“बाई, शांत व्हा,” आप्पा म्हणाले. आवाज तपासनिसांचा, खाकरणं तपासनिसांचं, आणि चष्म्यावरून बघायची ती सवयसुद्धा. “कप फुटला त्या वेळी कप कुठे होता?”

“बशीत होता, साहेब,” बायको म्हणाली.

“बशीत. आणि कपाचे आणि बशीचे संबंध कसे होते?”

बायकोने तोंडाला पदर लावला. तेच हसणं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती तसं हसायची. ते कधी थांबलं, याची तपासनिसांकडे कुठेच नोंद नव्हती. आप्पांनी कप उचलून नाकाशी नेला आणि संशयाने हुंगला. तपासनीस हुंगतात तसा. त्यांच्या अंगठ्याच्या नखावर लाल नेलपॉलिशचा एक कण चिकटला होता.

“पोस्टमास्तर, बघा हं बाहेर,” बायको म्हणाली, “आज आवाज यायचा नाही. मेल्या गाडीला कुलूप घातलंय त्यांनी.”

तपासनीस जागचे हलले नाहीत. पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटका. आप्पा धडधाकट आहेत. आप्पांना लागणारा दम हा हसण्याचा दम आहे. त्याच्या मागोमाग दुसरं वाटलं, आणि ते बरंच लागलं. आपण येतोय कळलं की हे घर हसायचं थांबतं. आपण आलो की कांदा चिरायला घेतात.

ते चवड्यांवर जिना उतरले. गाडीत जाऊन बसले. मग गाडी काढून गल्लीला एक चक्कर मारली आणि कोपऱ्यावर वळताना खणखणीत हॉर्न वाजवला. घरात शिरले तेव्हा बायको कांदा चिरत होती. पुस्तक सरळ होतं. कोट खुंटीवर होता, किंचित डुलत होता. तपासनिसांना जेवण नीट गेलं नाही. बरं नाही का, असं बायकोने दोनदा विचारलं.

पुढच्या रविवारी त्यांनी साखळी काढली आणि झाकण उघडलं. आप्पा खुर्ची घेऊन आले, पण या वेळी कावळा बघायला गेले नाहीत. मुलाच्या हातांकडे बघत राहिले. तपासनिसांनी फीलर गेजचं बरोबर पातं काढलं, फट नीट लावली. मग पातं बाहेर काढून स्क्रू आणखी एक केसभर सैल केला आणि नट आवळला.

“जास्त झाली ना फट?” आप्पा म्हणाले.

“असू दे. चढावर धापा टाकत होती. आवाज केला तरी चालेल.” मग पाना पुसत, वर न बघता ते म्हणाले, “तुम्हाला सकाळी गारठ्यात खाली उतरायला नको.”

आप्पांनी खुर्ची जवळ ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “दवाखान्यातून आल्यावर दिवस संपत नव्हता रे. एकदा सहज तुझी नक्कल केली, आणि सूनबाई हसली. म्हणून.”

“मी काही विचारलं का?” तपासनीस म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खरोखर काही विचारलेलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळली. टिक टिक टिक टिक. तपासनिसांनी वेग कमी केला. गाडी लावल्यावरही इंजिन बंद न करता ते थोडे बसून राहिले, वरच्या मंडळींना आवरायला सवड मिळावी म्हणून. मग मुद्दाम पाय वाजवत जिना चढले.

आत सगळं जागच्या जागी होतं. कांदा होता. पुस्तक होतं. पोस्टमास्तर वाटीभर साखर मागायला आल्यासारखे उभे होते, फक्त वाटी आणायची राहिली होती. आणि टेबलावर गडबडीत कान तुटलेला कप तसाच राहून गेला होता. तपासनिसांनी बॅग खाली ठेवली. खुंटीवरचा जुना कोट काढून अंगात चढवला. खुर्चीत बसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि कप उचलून हुंगला.

“कप फुटला त्या वेळी,” त्यांनी विचारलं, “कप कुठे होता?”

आप्पांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने मुलीकडे पाहिलं. मुलीने पुस्तक मिटलं, उभी राहिली आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असल्यासारखी हात बांधून म्हणाली, “बशीत होता, साहेब.”

पहिल्यांदा पोस्टमास्तर फुटले, मग आप्पा. बायकोने कांद्याची सुरी खाली ठेवली आणि ती हसू लागली, मधेच श्वास संपेपर्यंत. ते हसणं तपासनीस या वेळी दाराच्या आतून ऐकत होते.